मोटारसायकलवरून लहान कुत्रा नेताना : पिशवी घेण्यापूर्वी वाचावे

सप्रेम नमस्कार.

आमच्या कार्यशाळेत मूळ काम सीट कव्हरे आणि रेक्झिनच्या पिशव्या शिवण्याचे. लहान कुत्र्याला मोटारसायकलवर बसवता येईल अशी पिशवी आम्ही ग्राहकांच्या मागणीवरून शिवू लागलो, कारण डॉक्टरांकडे लस टोचायला जाताना एका हाताने कुत्रा छातीशी धरून दुसऱ्या हाताने गाडी चालवण्याची पाळी त्यांच्यावर येत असे. ही पिशवी कुत्र्याला जागेवर बसवून ठेवते आणि आपले दोन्ही हात मोकळे ठेवते. गाडी घसरली किंवा धडक बसली तर ती कुत्र्याला वाचवीलच असे मात्र नाही, आणि तसे आम्ही कोणालाही सांगत नाही.

पिशवीची जागा

पिशवी मागच्या सीटवर, चालवणाऱ्याच्या पाठीला टेकेल अशी बसवावी, असे आमचे मत आहे. तेथे कुत्र्याचे वजन दोन्ही चाकांच्या मध्ये राहते, समोरचा वारा आपल्या पाठीमुळे अडतो आणि कुत्रा उठला किंवा अस्वस्थ झाला तर मागे वळून न पाहताही ते पाठीला कळते. अनेकांना कुत्रा डोळ्यांसमोर, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर हवा असतो. परंतु रोजच्या वापराच्या गाड्यांची टाकी आखूड असते, त्यामुळे हँडल पूर्ण वळवताना ते पिशवीला अडते; शिवाय सिग्नलला गाडी उभी असताना इंजिनची सारी उष्णता वर येते ती कुत्र्याच्या पोटाखालीच. सामानाच्या मागच्या कॅरियरवर तर पिशवी बांधूच नये, कारण गतिरोधकावरचा सर्वांत मोठा हिसका तेथेच बसतो. पाठीवर अडकवायच्या सॅकमध्ये कुत्रा घालून नेणेही आम्हाला पसंत नाही. पाठीवर पडण्याची वेळ आली तर आपले सगळे वजन त्याच्यावर जाते.

मागच्या सीटवर पिशवी असताना तिसऱ्याला जागा उरत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवलेले बरे.

पट्टा

पिशवीच्या तळाशी नवारीचा एक आखूड पट्टा शिवलेला असून त्याच्या टोकाला कडी आहे. ही कडी कुत्र्याच्या अंगात घातलेल्या हार्नेसच्या पाठीवरील रिंगेलाच अडकवावी, गळपट्ट्याला कधीही नाही. अचानक ब्रेक लागला तर हार्नेसमुळे हिसका छातीवर आणि खांद्यांवर वाटला जातो. गळपट्टा असेल तर तोच हिसका मानेवर आणि श्वासनलिकेवर येतो. पट्ट्याची लांबी इतकीच ठेवावी की कुत्र्याला बसता, आडवे होता आणि जागच्या जागी वळता येईल, पण पुढचे पाय पिशवीच्या काठावर ठेवता येणार नाहीत. ‘बिचाऱ्याला जरा मोकळे वाटू दे’ म्हणून पट्टा सैल करणारे ग्राहक आमच्याकडे येतात. सैल पट्ट्यावर उडी मारणारा कुत्रा रस्त्यावर पडत नाही, तो चाकाशेजारी लोंबकळतो, आणि ते पडण्याहूनही वाईट असते. साखळी हँडलला किंवा आपल्या मनगटाला बांधू नये.

ऊन

सोलापुरात या विषयातील सर्वांत मोठा धोका पडण्याचा नसून उन्हाचा आहे, असे आम्हाला वाटते. माणसाप्रमाणे कुत्र्याला अंगभर घाम येत नाही; थोडासा घाम पंजांच्या तळव्यांना येतो आणि बाकी सारी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच बाहेर टाकतो. त्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. एप्रिल-मे महिन्यांत येथे दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा गाडीवर लागणारा वारा त्याच्या शरीराहून गरम असतो आणि ‘वारा लागतो आहे, म्हणजे गार वाटत असेल’ हा आपला समज त्याच्या बाबतीत उलटा ठरतो. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापही नीट टाकता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी उन्हाळ्यात ही पिशवी घेऊच नये असे आम्ही स्पष्ट सांगतो.

फेब्रुवारीअखेरपासून पावसाला सुरुवात होईपर्यंत प्रवास पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, रस्ता निवल्यानंतर करावा. गाडी उन्हात उभी राहिली असेल तर पिशवीच्या तळाला हाताची पालथी बाजू लावून पाहावी. सात-आठ सेकंद टेकवत नसेल तर कुत्र्यालाही तेथे बसवू नये. आतून आम्ही सुती अस्तर लावतो, तरी वर सोलापुरी चादरीची एक जुनी घडी घालावी, कारण ती ओली करता येते आणि धुताही येते.

धाप फार वाढली, लाळ घट्ट होऊन लोंबू लागली, हिरड्या गडद लाल दिसल्या किंवा उतरवल्यावर कुत्रा झोकांड्या देऊ लागला, तर ती उष्माघाताची लक्षणे आहेत. त्याला ताबडतोब सावलीत घ्यावे, अंगावर साधे गार पाणी ओतत वारा घालावा आणि वाटेत कोठेही न थांबता पशुवैद्यकांकडे न्यावे. ओले फडके अंगावर गुंडाळून ठेवू नये. त्याने आतली उष्णता कोंडते.

गल्लीतील कुत्री

बसलेल्या कुत्र्याचा वास आला की गल्लीतील कुत्री गाडीमागे धावतात, आणि आपलाही आतून भुंकू लागतो. अशा वेळी वेग वाढवू नये. वेग वाढला की पाठलागही वाढतो. गाडी हळू करून सरळ पुढे जावे आणि ओळखीच्या अशा गल्ल्या शक्यतो टाळाव्यात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूला कुत्र्याला नेऊ नये. गर्दीपेक्षाही शोभेच्या दारूकामाचा आवाज त्याला सहन होत नाही.

सवय आणि कायदा

पहिले काही दिवस पिशवी घरातच, जमिनीवर उघडी ठेवावी. कुत्रा आपणहून तीत बसू लागला की ती बंद गाडीवर बसवावी, नंतर इंजिन सुरू करून, आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारावी. निघण्यापूर्वी दोन-तीन तास खायला देऊ नये. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा आणि ट्रकांची वर्दळ असलेल्या पुणे किंवा विजापूर महामार्गावर शक्यतो जाऊ नये.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १२५ नुसार वाहनावरील ताब्यात अडथळा येईल अशा रीतीने कोणाला बसवणे किंवा काही ठेवणे मना आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा प्रकारे वाहून नेणे हा गुन्हा आहे. मांडीवरचा मोकळा कुत्रा या दोन्हींत बसू शकतो.

माप आणि दुरुस्ती

आमची पिशवी ८ किलोपर्यंतच्या कुत्र्यासाठी आहे. त्याहून मोठ्या कुत्र्यासाठी मोठी पिशवी शिवून द्या, असा आग्रह कृपया करू नये. मापासाठी येताना कुत्रा व गाडी दोन्ही आणावीत आणि कुत्र्याच्या अंगात त्याचा हार्नेस असावा, कारण पट्टा आम्ही त्याच्यावरच मोजून शिवतो. बकलाला चीर गेली किंवा नवारीचे धागे सुटू लागले, तर पिशवी वापरणे थांबवून आमच्याकडे आणावी. ही दोन्ही कामे आम्ही विनामूल्य करतो.