पार्श्वभूमी : होलोकॉस्टच्या धड्याला मुलं वेगवेगळी का सामोरी जातात

होलोकॉस्ट म्हणजे नाझी जर्मनीने केलेला ज्यूंचा संहार. म्युनिकजवळच्या डाखाऊ या नाझी छळछावणीच्या स्मारकात शाळांच्या सहली सतत येत असतात. दहनभट्ट्यांसमोर एखादी मुलगी हमसून रडते, दुसरी मख्ख उभी राहते, मागे कोणीतरी खुदकन हसतं. हसणाऱ्यावर शिक्षक चिडतात. पण पंधराव्या वर्षी भीती पुष्कळदा हसण्यातूनच बाहेर पडते. रडणारीला कळलं आणि हसणाऱ्याला नाही, असा निवाडा करणं मला अन्यायाचं वाटतं. त्या क्षणामागे घरांचा आणि शाळांचा मोठा इतिहास उभा आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर पश्चिम जर्मनीतले वर्ग या विषयावर जवळजवळ मुकेच होते. शिकवणाऱ्यांपैकी कित्येकांनी नाझी राजवटीतही नोकरी केली होती. 1959 च्या नाताळात कोलोनच्या सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) भिंतीवर नाझी चिन्हं रंगवली गेली, तसे प्रकार देशभर सुरू झाले, तेव्हा कुठे शिक्षणखात्यांना जाग आली. 1963 ते 1965 फ्रँकफर्टला आउशवित्झ छळछावणीत काम केलेल्यांवर खटला चालला. तरीही 1977 साली शिक्षणतज्ज्ञ डीटर बॉसमान यांनी हिटलरविषयीचे 3042 शालेय निबंध अभ्यासून त्यातले उतारे छापले, तेव्हा मुलांचं अज्ञान पाहून लोक हादरले. जानेवारी 1979 मध्ये ‘होलोकॉस्ट’ ही अमेरिकन मालिका पश्चिम जर्मनीत टीव्हीवर लागली. सुमारे 2 कोटी लोकांनी ती पाहिली, आणि ‘तुम्हाला ठाऊक होतं का?’ हा प्रश्न घरातल्या टेबलापर्यंत आला.

त्याआधी, 1976 साली बॉयटेल्सबाख गावात नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या अभ्यासकांच्या बैठकीतून एक नियम निघाला होता: विद्यार्थ्याला भारावून टाकून त्याच्याकडून हवं ते मत वदवून घ्यायचं नाही. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. प्रेतांच्या ढिगांची छायाचित्रं दाखवून मुलांना रडवता येतं. पण रडं ओसरल्यावर हाती काय उरतं? आज स्मारकांवरचे मार्गदर्शक हाच नियम मानतात. गप्प राहणाऱ्यालाही तिथे जागा असते.

पण शाळेत कळलेलं घरी टिकतंच असं नाही. समाजमानसशास्त्रज्ञ हाराल्ड वेल्त्सर आणि सहकाऱ्यांनी 40 कुटुंबांतल्या तीन पिढ्यांशी बोलून 2002 मध्ये निष्कर्ष मांडले. नातवंडांना 60 लाख ज्यूंच्या हत्येची माहिती होती. तरी आपल्या आजोबांची गोष्ट सांगताना ती त्यांना नकळत नाझीविरोधक करत, कधी ज्यूंना वाचवणारा वीरही. आजोबांच्या मूळ बोलण्यात यातलं काही नसे. ज्याच्या मांडीवर वाढलो तो माणूस गुन्हेगार असू शकतो, हे पोराच्या जिभेवर येत नाही. याउलट ज्यांची कुटुंबं तुर्कस्तानातून किंवा सीरियातून आली, त्या मुलांना हा अपराध आपल्या घरचा वाटत नाही. त्यातली काही मात्र घर सोडून पळालेल्यांच्या गोष्टीपाशी पटकन थांबतात.

9 नोव्हेंबरला, 1938 च्या ज्यूविरोधी हिंसाचाराच्या स्मरणदिनी, अनेक शहरांत शाळकरी मुलं फडकं आणि पॉलिश घेऊन फुटपाथवर गुडघे टेकतात. कलाकार गुंटर डेमनिग यांनी बळींच्या राहत्या घरांसमोर जेमतेम 10 सेंटिमीटरचे, वर पितळी पत्रा असलेले दगड बसवले आहेत. वर कोरलेलं असतं: ‘इथे राहत होते’, मग नाव, जन्मवर्ष, कुठे नेलं, कधी मारलं. घासता घासता मुलं दोन सालांमधलं अंतर मोजतात. ते कधी कधी त्यांच्याच वयाएवढं भरतं.