शेवाळाच्या इंजेक्शनने आंधळ्याला दिसायला लागलं? अर्धंच खरं आहे ते

"शेवाळाचं इंजेक्शन दिलं आणि आंधळा माणूस पूर्ण बघायला लागला" हा फॉरवर्ड २०२१ पासून फिरतोय, परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर परत आला. केस खरी आहे हो, पॅरिसमधली, माणूस ५८ वर्षांचा, रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या आजारामुळे नजर गेलेली. पण डोळ्यात शेवाळ वगैरे कोणी घातलं नाही! शेवाळातल्या एका प्रोटीनचा जीन (म्हणजे ते प्रोटीन कसं बनवायचं याची सूचना) निरुपद्रवी व्हायरसमधून एकाच डोळ्यात सोडला. या आजारात डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या उजेड पकडणाऱ्या पेशी मरतात, पण मेंदूकडे सिग्नल नेणाऱ्या गँग्लियन पेशी बऱ्यापैकी टिकतात, मग त्यांनाच ते प्रोटीन बनवायला लावून उजेड ओळखायला शिकवलं, म्हणजे वायरमनलाच कॅमेरामन केला म्हणा ना.

आता "पूर्ण" चं बघू. दिसायचं ते फक्त खास गॉगल लावल्यावर, जो समोरचं दृश्य पिवळसर-नारिंगी प्रकाशात बदलून डोळ्यात टाकतो, आणि त्यासाठीही कित्येक महिने प्रॅक्टिस. टेबलावरची वही त्याला ९२% वेळा सापडली, पिनांची छोटी डबी मात्र ३६% वेळाच. रस्त्यावरचे झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे दिसले. चेहरे ओळखणं, वाचणं यातलं काही नाही. आणि मोतीबिंदू, काचबिंदूवाल्यांनी तर या फॉरवर्डच्या नादाला लागूच नका, त्यांचा आजारच वेगळा.