जुन्या वर्कस्टेशनवर ऑपरेटिंग सिस्टीम बसवणे

साधारण १९८५ ते २००५ या काळात यंत्रभागांचे आरेखन, चिपची रचना, चित्रपटांतील संगणकीय दृश्ये आणि वैज्ञानिक गणिते यांसाठी वापरलेल्या वर्कस्टेशनवर, म्हणजे युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम चालवणाऱ्या ताकदवान संगणकांवर, त्यांची मूळ किंवा आजही विकसित होणारी ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसवण्याचा छंद. सन मायक्रोसिस्टिम्सची स्पार्कस्टेशन (१९८९ पासून), सिलिकॉन ग्राफिक्सची इंडी (१९९३), ओटू (१९९६) आणि ऑक्टेन (१९९७), आयबीएमची आरएस/६००० (१९९०), एचपीची ९००० मालिका ही यातली नेहमीची नावे. पीसीवर कोणाचीही सिस्टीम चालते. इथे प्रोसेसर, बूट करणारी चिप, ग्राफिक्स आणि सिस्टीम बहुतेक एकाच कंपनीच्या घरात घडलेली असत. सनच्या स्पार्क प्रोसेसरवर सोलॅरिस, सिलिकॉन ग्राफिक्सच्या मिप्सवर आयरिक्स, एचपीच्या पीए-रिस्कवर एचपी-यूएक्स. त्यामुळे सिस्टीम उडालेले वर्कस्टेशन कपाटात जपून ठेवले तरी त्यातून काहीच कळत नाही. ते चालते करणे हेच त्याचे खरे जतन.

नाशिकमध्ये या छंदाला लागणारे हात आहेत. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींमुळे वाइंडिंगपासून पॉवर सप्लायपर्यंत दुरुस्ती करणारे सापडतात, आणि महात्मा गांधी रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे बारीक सोल्डरिंगची साधने असतात. यंत्र मिळणे मात्र अवघड. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार कंपन्यांनी जुनी उपकरणे नोंदणीकृत संस्थांकडेच द्यायची असतात. नियम योग्यच आहे, कारण तारा जाळून तांबे काढण्याने हवा आणि माती दोन्ही नासतात. पण यंत्र वाचवायचे तर ते कंपनीच्या गोदामातून बाहेर पडण्याआधी बोलणे करावे लागते.

आणलेले यंत्र लगेच प्लगला लावू नये. अमेरिकेतून आलेल्या यंत्राचा पॉवर सप्लाय २३० व्होल्टला चालतो का, हे मागच्या पट्टीवर आधी वाचावे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळलेले असतील तर बोर्डावर चिकट, तपकिरी थर दिसतो. आषाढ-श्रावणात नाशिकच्या दमट हवेत हा थर ओलावा धरतो आणि वीज नको तिथे वाहू लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसून, पूर्ण सुकवून मगच वीज द्यावी.

सनच्या यंत्रांत खरी परीक्षा एका लहान चिपची असते. एम४८टी०२ किंवा एम४८टी०८ ही घड्याळाची चिप आपल्या पोटातच बॅटरी बाळगते. ती साधारण दहा वर्षांत संपते, म्हणजे आज जवळजवळ प्रत्येक यंत्रात ती मेलेली आहे. पडद्यावर ‘आयडीप्रॉम कंटेंट्स आर इनव्हॅलिड’ अशी ओळ येते आणि यंत्र आपला इथरनेट पत्ता (नेटवर्कवरची ओळख) व होस्ट-आयडी (यंत्राचा स्वतःचा क्रमांक) विसरलेले असते. उपाय दोन: नवी चिप, किंवा जुनीच्या बाजूचे इपॉक्सी कानशीने घासून आतले टोक उघडे करायचे आणि तिथे सीआर२०३२ सेलचा होल्डर डाखायचा. मग बूट चिपच्या ‘ओके’ या प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायची ओळ) ‘एमकेपी’ आज्ञेने एकेक बाइट भरायचा: पहिला १, दुसरा यंत्राचा प्रकार, पुढे ८, ०, २० अशी सनच्या इथरनेट पत्त्याची सुरुवात, आणि शेवटी आधीच्या सगळ्या बाइट्सची एक्सऑर बेरीज (बिट-बिट जुळवून काढलेला पडताळणीचा आकडा). बेरीज चुकली की यंत्र तोच निरोप पुन्हा दाखवते. आकडे मनाने टाकू नयेत. चिपवरच्या लेबलात मूळ क्रमांकाचा भाग बहुधा छापलेला असतो, आणि आरेखनाच्या महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना अनेकदा त्याच होस्ट-आयडीला बांधलेला असतो.

कीबोर्ड जोडलेला नसेल तर सनचे यंत्र आपोआप सीरियल पोर्टवर बोलू लागते. ९६०० बॉडचा वेग आणि नल-मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी सीरियल केबल) एवढ्यावर लॅपटॉपवरून सगळे इन्स्टॉलेशन होते, १३डब्ल्यू३ जोडणीचा जुना मॉनिटर शोधत बसावे लागत नाही. सीडीवरून बसवताना मात्र पीसीचा वाटेल तो ड्राइव्ह चालत नाही: सनचे बूट प्रॉम (बूट करणारी चिप) ५१२ बाइटचे ब्लॉक मागते, पीसीचे बहुतेक ड्राइव्ह २०४८ चे देतात. म्हणून आता बरेच जण ब्लूस्कझी किंवा स्कझीटूएसडी हे बोर्ड वापरतात. स्कझी म्हणजे या यंत्रांत डिस्क आणि सीडी ड्राइव्ह जोडण्याची पद्धत. मेमरी कार्डावरची फाइल यंत्राला हार्ड डिस्क किंवा सीडी म्हणून दिसते, आणि तीस वर्षांची घरघरती डिस्क निवृत्त होते. स्कझी केबलच्या टोकाचे टर्मिनेशन (संकेत परत उसळू न देणारी जोडणी) नीट नसेल तर याही बोर्डावर डिस्क कधी दिसते, कधी नाही.

आयरिक्सची वाट वेगळी. तिच्या सीडी ईएफएस (सिलिकॉन ग्राफिक्सची स्वतःची फाइल-मांडणी) पद्धतीच्या असतात, विंडोजला त्या कोऱ्या वाटतात. आधी ‘एफएक्स’ या साधनाने डिस्कचे भाग पाडायचे, मग मिनीरूट (इन्स्टॉलेशनपुरती छोटी सिस्टीम) डिस्कच्या स्वॅप नावाच्या भागात उतरते आणि त्यातून ‘इन्स्ट’ हा इन्स्टॉलर सुरू होतो. पॅकेजांचे परस्परविरोध सोडवण्यात रात्र जाते, पण आयरिक्सची रचना कळते ती इथेच. इंडीसाठी ६.५.२२ ही शेवटची आवृत्ती. ओटू आणि ऑक्टेनवर २००६ ची ६.५.३० चालते. सनमध्येही अशीच मर्यादा: स्पार्कस्टेशन १ आणि २ सोलॅरिस ७ वर थांबतात, आणि २००५ च्या सोलॅरिस १० ने ३२-बिट स्पार्क पूर्ण सोडले.

मूळ सिस्टीम की नेटबीएसडी (आजही विकसित होणारी, युनिक्स घराण्यातली मोफत सिस्टीम), हा वाद छंदात कायमचा. तिच्याच कुळातल्या ओपनबीएसडीने ३२-बिट स्पार्कला ५.९ (२०१६) नंतर निरोप दिला. नेटबीएसडी १० (२०२४) त्यावर अजून चालते आणि आधुनिक लॅपटॉपवर संकलित करून आणता येते. रोज वापरायला ती चांगली. पण इंडीचा चेहरामोहरा आयरिक्समध्येच दिसतो, म्हणून पहिला मान मूळ सिस्टीमला द्यावा, हे या नोंदीचे स्पष्ट मत. त्याआधी जुन्या डिस्कची पूर्ण प्रत ‘डीडी’ या युनिक्स आज्ञेने काढावी. त्या डिस्कवर एखाद्या कारखान्याची आरेखने असतील तर ती मूळ मालकाला विचारल्याशिवाय कोणाला देऊ नयेत.

सिस्टीम बसली तरी यंत्र थेट इंटरनेटला जोडत नाहीत. टेलनेट (दुरून लॉगिन) आणि एफटीपी (फाइली पाठवणे) या जुन्या पद्धतींवर पासवर्ड उघडा जातो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीच थांबल्या आहेत. घरच्या राउटरमागे, एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वापरू देणारी पद्धत) लॅपटॉपशी जोडून फाइली ने-आण करणे हीच रूढ पद्धत.