३०९ दिवसांचा प्रवास, पाच मृत्यू

५ ऑक्टोबर १७८८. लंडनमधल्या एका सार्वजनिक संडासात दोन पोरींनी आठ वर्षांच्या मुलीला गाठलं आणि तिच्या अंगावरचा सुती फ्रॉक, डोक्यावरची टोपी, खांद्यावरचं कापड काढून घेतलं. फ्रॉक गहाणवटीच्या दुकानात गेला. खांद्यावरचं कापड मात्र दोघींतल्या धाकटीच्या खोलीत सापडलं. तिचं नाव मेरी वेड. रस्ते झाडायचे, भीक मागायची, हा तिचा उद्योग. वय नोंदीनोंदीत बदलतं, पण ११ ते १३च्या पुढे काही नव्हतं. जानेवारी १७८९मध्ये ओल्ड बेली न्यायालयानं दोघींना फाशी सुनावली.

मेरी वाचली ती राजाच्या दुखण्यामुळे. मार्चमध्ये तिसरा जॉर्ज वेडाच्या झटक्यातून बरा झाला आणि त्या आनंदात फाशीऐवजी काळं पाणी मिळालं. तिची रवानगी ऑस्ट्रेलियाला, ‘लेडी ज्युलियाना’ या फक्त बायकांना नेणाऱ्या जहाजावर झाली.

हे जहाज विलक्षण रेंगाळत गेलं. २९ जुलै १७८९ला प्लिमथहून निघालं आणि ३ जून १७९०ला सिडनीला लागलं. म्हणजे ३०९ दिवस. त्याच महिन्यात मागून आलेली नेपच्यून, स्कारबरो आणि सरप्राइझ ही जहाजं साधारण १६० दिवसांत पोचली. आता मृत्यू बघा. रेंगाळलेल्या जहाजावर सव्वादोनशेच्या आसपास बायका होत्या, त्यांतल्या पाच गेल्या. झटपट आलेल्या तीन जहाजांवर हजारेक कैदी होते, त्यांतले २६०हून जास्त वाटेतच मेले. जवळजवळ दुप्पट वेळ समुद्रावर काढलेल्या बायका धडधाकट उतरल्या, हे कोडं मला फार आवडतं.

त्यातला एक धागा स्कर्व्हीचा, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगाचा. आपली कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या ज्यानं एकत्र राहतात ते कोलॅजेन म्हणजे तीन पदरी दोर. पदरांचा पीळ घट्ट बसायला त्यांच्या काही कड्यांत रासायनिक बदल व्हावा लागतो आणि हे काम करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर नवा दोर सैल वळला जातो. हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या भरलेल्या जखमासुद्धा उघडतात. शरीरातला क जीवनसत्त्वाचा साठा एक ते तीन महिन्यांत संपतो आणि आपल्याला तो नव्यानं बनवता येत नाही. त्यासाठी लागणारा जनुक माणसाच्या पूर्वजांतच निकामी झाला. जहाजाच्या तळाशी फिरणाऱ्या उंदरांचा जनुक शाबूत असतो, त्यामुळे खलाशांच्या हिरड्या सुजल्या तरी उंदीर ठणठणीत.

लेडी ज्युलियाना वाटेत टेनेरिफ, केप व्हर्दे, रिओ द जानेरो आणि केप टाउनला थांबलं. एकट्या रिओत ४५ दिवस! बंदरात थांबलं की ताजं अन्न. ताटातली लिंबाची फोड जे करते तेच काम इथे मुक्कामांनी केलं. शिवाय जहाज स्वच्छ ठेवलं जाई आणि बायकांना मोकळी हवा मिळे.

पण सगळं श्रेय जीवनसत्त्वाला देऊन चालणार नाही. बायकांच्या जहाजाचा ठेका ऑस्ट्रेलियाला कैदी नेणाऱ्या पहिल्या ताफ्याचं काम नीट पार पाडणाऱ्या विल्यम रिचर्ड्सकडे होता. बाकी तीन जहाजांचा होता गुलामांच्या व्यापारातल्या कंपनीकडे. दर माणशी १७ पौंड साडेसात शिलिंग, तोही जहाजावर चढवलेल्या माणसामागे. किती जण जिवंत उतरले याच्याशी पैशाचा संबंधच नव्हता. कैद्याचा शिधा वाचला की नफा. बेड्यांत शेजारी जखडलेला मेला तरी त्याच्या वाट्याचं अन्न मिळावं म्हणून कैदी गप्प राहत. पुढे जिवंत उतरवलेल्या कैद्यामागे पैसे द्यायची पद्धत आली. सार्वजनिक आरोग्यातली इतकी सरळ सुधारणा क्वचित सापडते.

सिडनीत मात्र बायकांचं स्वागत रडक्या तोंडानं झालं. वसाहत उपाशी होती, धान्याची वाट बघत होती आणि आली ती आणखी खाणारी तोंडं. दोन वर्षांहून अधिक काळानं घरच्या बातम्या मिळाल्या, त्यात राजा बरा झाल्याचीही होती. जिच्या गळ्यातला फास त्या दुखण्यानं काढला, तीच मुलगी ही बातमी आणणाऱ्या जहाजावर होती.

ऑगस्टमध्ये मेरीला नॉरफोक बेटावर धाडलं. तिथली माणसं त्या वर्षी बिळांत घरटी करणाऱ्या एका समुद्रपक्ष्यावर जगली. काही महिन्यांत लाखाच्या वर पक्षी मारले गेले आणि दहाएक वर्षांत त्या पक्ष्यांची वसाहत बेटावरून नाहीशी झाली.

मेरी परत सिडनीला आली. पहिला जोडीदार व्हेल मारायला समुद्रावर गेला तो आलाच नाही. मग जोनाथन ब्रूकरबरोबर संसार, शेती, वणव्यात सगळ्याची राख, पुन्हा मांडामांड. तिला एकूण २१ मुलं झाली असं सांगतात. प्रतिजैविकं नव्हती, रक्त चढवणं नव्हतं, त्या काळात एकेक बाळंतपण म्हणजे पुनर्जन्मच, आणि ही बाई ऐंशी ओलांडून जगली. १८५९ साली वुलनगाँगला वारली तेव्हा तिचे तीनशेवर वंशज होते. २००७ साली ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झालेले केविन रड तिच्याच वंशातले.