दुधाची पिशवी आणि निळा ड्रम एकाच पदार्थाचे कसे?

दुधाची पिशवी दाताने फाटते, आणि गच्चीत पाणी साठवायला ठेवलेला तो निळा ड्रम टेम्पोतून पडला तरी सहसा फुटत नाही. दोन्ही पॉलिथिनच. रंगबिंग सोडला तर दोन्हीत कार्बन आणि हायड्रोजनशिवाय तिसरं काही नाही, आणि मला रसायनशास्त्रात सगळ्यात जास्त आवडते ती हीच गोष्ट, की माल तोच राहतो, नुसती साखळीची ठेवण बदलली की वस्तूचा स्वभावच बदलतो.

सुरुवात होते इथिलीन वायूपासून, आंबे-केळी पिकताना जो सोडतात तोच हा वायू. त्याच्या रेणूत कार्बनचे २ अणू, हायड्रोजनचे ४, आणि दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध. हा बंध उघडला की दोन्ही कार्बनचा एकेक हात मोकळा होतो, मग तो शेजारच्या इथिलीनला धरतो, तो पुढच्याला, असं करत करत हजारोंची साखळी तयार होते. सुटा तुकडा म्हणजे मोनोमर आणि साखळी म्हणजे पॉलिमर. इतके लांबलचक रेणू असतात हे हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडलं तेव्हा बऱ्याच मोठ्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटलं नव्हतं, श्टाउडिंगरना नोबेल मिळालं थेट १९५३ मध्ये.

पॉलिथिन मात्र अपघाताने सापडलं. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट इथिलीनवर प्रचंड दाब देऊन, हजार वायुदाबाच्याही वर, वेगळाच प्रयोग करत होते आणि भांड्यात पांढरा मेणासारखा पदार्थ उरला. इतक्या दाबाखाली आणि उष्णतेत साखळी वाढते खरी पण सरळ वाढत नाही. तिचं टोक मधेच मागे वळून स्वतःच्याच अंगावरचा एक हायड्रोजन ओढून घेतं आणि मग वाढ त्या नव्या जागेवरून सुरू होते, म्हणजे फांदी फुटते. हे एलडी, म्हणजे लो डेन्सिटी (कमी घनतेचं) पॉलिथिन.

१९५३ मध्ये जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमची संयुगं उत्प्रेरक म्हणून वापरली, आणि तेच इथिलीन साध्या दाबाला जुळायला लागलं. इथे प्रत्येक नवा तुकडा धातूच्या अणूपाशीच आत सरकवला जातो त्यामुळे फांद्या जवळजवळ फुटतच नाहीत. हे एचडी, म्हणजे हाय डेन्सिटी (जास्त घनतेचं).

आता फांद्यांनी एवढा फरक का पडतो? उसाची मोळी घट्ट बांधता येते, बाभळीच्या फांद्या कितीही आवळा, मधे पोकळी राहतेच. एचडीच्या सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून नीट रचल्या जातात, म्हणून तो कडक, दुधी रंगाचा आणि साधारण १३० अंशांना वितळणारा. एलडी सैल, म्हणून मऊ, जास्त पारदर्शक, ११० च्या आसपासच वितळतो. पिशवी चुरगाळली की कागदासारखी करकर वाजते ती एचडीची (बाजारात एचएम म्हणतात ती), आवाज न करता मऊ दबते ती एलडीची, घरी करून बघा.

साखळीची लांबी हा अजून एक खेळ. एकेका साखळीत लाखाच्या वर इथिलीन जोडले की पॉलिथिन इतकं चिवट आणि न झिजणारं होतं की गुडघा बदलायच्या ऑपरेशनमध्ये दोन धातूंच्या मधे तेच बसवतात. तोच वायू बरं का!

आणि साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधून टाकल्या तर? तर जाळं होतं आणि ते वितळतच नाही. एलडी, एचडी तापवून परत परत ओतता येतात, त्यांना थर्मोप्लास्टिक म्हणतात, जाळीवाले ते थर्मोसेट, कुकरच्या दांड्याचं बेकलाइट त्याच जातीचं. मला वाटतं 'प्लास्टिक' असा एकच शब्द वापरून आपण सगळ्यांना एका पोत्यात भरतो तिथेच रिसायकलिंगचा घोळ सुरू होतो. जमिनीखालच्या वीजेच्या केबलवर हेच जाळीदार पॉलिथिन असतं कारण तार तापली तरी ते वितळून ओघळत नाही, आणि नेमकं त्याच कारणाने जुनी केबल भंगारात आली की आतली धातू लगेच विकली जाते, वरचं आवरण मात्र नुसतं वितळवून त्याचा पुन्हा दाणा पाडता येत नाही.