जिल्ह्याच्या गावातले दुकान आणि एफएमची जाहिरात : पार्श्वभूमी

दसरा-दिवाळीच्या तोंडावर सराफ, कापड दुकानदार, फर्निचरवाले, क्लासचालक यांच्याकडे एफएम केंद्राचे कोटेशन येते. दहा सेकंदांचा दर, दिवसाला किती स्पॉट, किती दिवस, आरजेने केलेला उल्लेख वेगळा, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. हे परवडेल का, हा प्रश्न प्रत्येक दुकानदार आपापल्या गल्ल्याकडे बघून सोडवतो. पण सांगली, कोल्हापूर, जळगाव, अकोला अशा शहरांत तो आजच्या रूपात उभा राहिला तो जुलै २००५ च्या एका सरकारी निर्णयामुळे.

आधीचा इतिहास थोडक्यात पुरेसा आहे. पन्नासच्या दशकात आकाशवाणीवर चित्रपटगीतांना दार बंद झाले, श्रोते कोलंबोच्या केंद्राकडे गेले आणि टूथपेस्ट-साबणाच्या कंपन्या त्यांच्यामागे गेल्या. १९५७ मध्ये विविध भारती आली, तरी तिच्यावर जाहिराती सुरू व्हायला १ नोव्हेंबर १९६७ उजाडला. सुरुवात मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांपासून झाली, म्हणजे देशातल्या सरकारी रेडिओवरची व्यापारी जाहिरात आधी महाराष्ट्रात ऐकू आली. १९७० पासून प्रायोजित कार्यक्रमही आले. मात्र त्या काळी ठसा उमटला तो देशभर माल विकणाऱ्यांचा. साबण, बाम, टॉनिक, सायकल यांच्या जिंगल अजून लोकांना पाठ आहेत. गावच्या पेढीची जिंगल आठवणारा माणूस क्वचितच भेटेल.

१९९३ मध्ये मुंबई-दिल्लीत आकाशवाणीच्या एफएमवरचे तास खासगी कंपन्यांना विकले जाऊ लागले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्यानंतर १९९९ मध्ये ४० शहरांतल्या १०८ वारंवारितांचा (एफएम केंद्र चालवण्याच्या ध्वनिलहरींचा) लिलाव पुकारला गेला, आणि खरा गुंता तिथे सुरू झाला.

त्या लिलावाची अट अशी होती : बोलीत ठरेल ती रक्कम वार्षिक परवाना शुल्क म्हणून भरायची आणि ती दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जायची. परवाना दहा वर्षांचा. हिशोब मांडला तर दहाव्या वर्षीचे शुल्क पहिल्या वर्षाच्या साडेतीन पट होते. केंद्राला जाहिरात मिळो न मिळो, एवढी रक्कम द्यायचीच. बोली लावणाऱ्यांनी मुंबईत तर भान सोडले. तिथे वर्षाचा आकडा पावणेदहा कोटींपर्यंत गेला. पुष्कळ जणांनी बोली जिंकूनही केंद्र सुरूच केले नाही. जी सुरू झाली, त्यातली काही बंद पडली. १०८ पैकी जेमतेम वीस-बावीस केंद्रे टिकली, तीही मुख्यतः मोठ्या शहरांत.

याचा छोट्या दुकानाशी संबंध काय, असे वाटेल. संबंध थेट आहे. ज्या केंद्राच्या डोक्यावर ठरीव आणि वाढते शुल्क आहे, ते आपली वेळ स्वस्तात विकू शकत नाही. त्याला मोबाइल कंपनी, बँक, शीतपेय असे मोठे गिऱ्हाईक लागते. दादरच्या दुकानदाराने तरीही पैसे मोजले, तर त्याची जाहिरात विरारपासून पनवेलपर्यंत वाजणार आणि त्यातले बहुतेक कान त्याच्या दुकानाची पायरी कधीच चढणार नाहीत. महानगरातल्या एकाच दुकानाला रेडिओ महाग पडतो याचे हे मूळ कारण आहे, आणि दरात घासाघीस करून ते बदलत नाही.

२००३ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने आणि पुढच्या वर्षी दूरसंचार नियामकाने (ट्रायने) ठरीव शुल्क सोडून महसुलातला वाटा घ्यावा, असे सुचवले. २००५ च्या धोरणात तेच आले : एकदाच भरायचे प्रवेश शुल्क बोलीने ठरवायचे, आणि पुढे एकूण महसुलाच्या ४ टक्के किंवा त्या शहराच्या राखीव (म्हणजे बोलीसाठी किमान ठरवलेल्या) प्रवेश शुल्काच्या १० टक्के, यांतले जे जास्त असेल ते दरवर्षी भरायचे. जुन्या परवानाधारकांनाही या पद्धतीत येण्याची मुभा मिळाली. त्यावरचा आक्षेप गैर नव्हता. बोली डोळे उघडे ठेवून लावली होती, तर आता सूट कशाची? ज्यांनी अवास्तव आकडे लावले तेच सुटले, आणि परवडत नाही म्हणून आधीच मागे हटलेले प्रामाणिक लोक बाहेर राहिले. हे खरे असूनही तो निर्णय योग्यच होता, असे माझे ठाम मत आहे. नुसती तिजोरी पाहणाऱ्यांना सोलापूर किंवा नांदेड दिसत नाही. जुन्या अटीवर तिथे केंद्र उभेच राहिले नसते.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रातली मधल्या आकाराची शहरे आणि गोव्यात पणजी एफएमच्या नकाशावर आली. आणि इथे हिशोब उलटा झाला. सांगलीचे केंद्र मिरज-कुपवाडला ऐकू येते. तिथला माणूस खरेदीला सांगलीत येतोच. आवाजाचा पट्टा आणि गिऱ्हाइकाचा पट्टा जवळजवळ एकच, म्हणजे वाया जाणारे कान कमी. म्हणून माझ्या मते रेडिओ हे माध्यम छोट्या व्यापाऱ्याला मोठ्या शहरापेक्षा जिल्ह्याच्या गावात अधिक लाभते.

खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची बंदी मात्र राहिली. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकवण्याची परवानगी दिली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-वीजपुरवठा यांची माहिती बातमीत धरायची नाही, असेही ठरले. २०२३ मध्ये नियामकाने तासाला दहा मिनिटे बातम्या आणि चालू घडामोडी देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. गावची बातमी गावच्या केंद्रावर नसेल, तर गाणी मोबाइलवर ऐकणारा श्रोता धरून ठेवायचा कशाने? या बंदीची किंमत केंद्राबरोबर जाहिरातदारही मोजतो.

मोजमापाची बाजू सर्वांत कच्ची आहे. २००७ पासून निवडक घरांत डायऱ्या देऊन श्रोते मोजण्याची पद्धत सुरू झाली, ती चार महानगरांपुरती. धुळ्याच्या व्यापाऱ्याला सेल्सवाला श्रोत्यांचा जो आकडा सांगतो, तो बहुधा लोकसंख्येवरून किंवा वाचक-सर्वेक्षणातल्या एखाद्या प्रश्नावरून काढलेला असतो. ‘आठवड्यातून एकदा तरी रेडिओ ऐकता का’ याला होकार देणारा माणूस सकाळी साडेनऊच्या स्पॉटला ऐकत असेलच असे नाही. खासगी एफएमवरच्या सरकारी जाहिरातींचा मूळ दर ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला, आणि त्यात शहराची लोकसंख्या व श्रोतासंख्या धरून फेरफार होतो. कोटेशन हातात आले की शेजारी ठेवून बघायला निदान एक जाहीर आकडा आहे. बाकी मोजणी दुकानातच करावी लागते : जाहिरातीत वेगळा फोन नंबर द्यायचा, किंवा सवलतीसाठी एखादा शब्द सांगायला लावायचा.

करातही फरक आहे. वर्तमानपत्रातल्या जागेवर जीएसटी ५ टक्के, रेडिओवर १८. कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या) व्यापाऱ्याला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे हे १८ टक्के त्याच्या खर्चातच जातात.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने आणखी २३४ शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्यात महाराष्ट्रातले लातूर, चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा, बार्शी, मालेगाव येतात. नव्या शहरांसाठी वार्षिक शुल्क जीएसटी वगळून महसुलाच्या ४ टक्केच ठेवले आहे, किमान रकमेची अट काढली आहे. त्याच वर्षी सामुदायिक रेडिओची (संस्था वा शिक्षणसंस्था आपल्या परिसरासाठी चालवतात त्या छोट्या केंद्रांची) जाहिरातींची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटांवर गेली. या केंद्रांचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या आसपासच पोचतो. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या कृषी सेवा केंद्राला किंवा भांड्याच्या दुकानाला तेवढा पट्टा पुरतो.