पोट फुगलेला कुत्रा आणि पोट दुखणारा घोडा: दवाखाना काढण्याआधी

नेरळ-कर्जत पट्ट्यात कुत्रे आणि घोडे दोन्हींसाठी दवाखाना काढायचा बेत असेल, तर रात्री येणाऱ्या एका फोनचा विचार आधी करा: "डॉक्टर, पोट फुगलंय, नुसता तळमळतोय." फोन फार्महाऊसवरच्या जर्मन शेफर्डसाठी असेल, नाहीतर माथेरानच्या घोड्यासाठी. तक्रार तीच, पण तयारी पार वेगळी.

ग्रेट डेन, डोबरमन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत जठरात हवा भरते आणि जठरालाच पीळ पडतो. एरवी कुत्रा सहज ओकतो. तोच उमाशांवर उमासे काढतोय, लाळ गळतेय आणि बाहेर काहीच पडत नाही, तर सकाळपर्यंत थांबू नका. हवा काढायची, सलाईन लावायचं, एक्स-रे घ्यायचा, लगेच ऑपरेशन करून पीळ सोडवायचा आणि जठर पोटाच्या भिंतीला टाक्यांनी पक्कं करायचं. हे सगळं दवाखान्यातच होतं.

घोड्याला मुळात ओकताच येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की तुंबलेलं जठर फुटेल, पण उलटी होणार नाही. म्हणून नाकातून नळी घालून जठर मोकळं करावं लागतं. दुखणं मात्र बहुतेकदा आतड्याचं असतं: अडकलेला चारा, वाळू, वायू, जंत. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून कुशीकडे बघतो, लोळतो, घामाने निथळतो. विश्रांतीत त्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. ते 60 च्या वरच राहिले तर प्रकरण गंभीर. बाटलीने तेल पाजू नका, असं घोडेवाल्यांना आधीच बजावून ठेवा. ते फुप्फुसात गेलं तर घोडा त्यानेच दगावतो.

बहुतेक घोडे जागेवरच्या उपचारांनी बरे होतात. माथेरानला खासगी गाडी दस्तुरी नाक्यालाच थांबते, म्हणून नळी, पंप, खांद्यापर्यंतचे हातमोजे, वेदनाशामक सगळं खांद्यावरच्या बॅगेत मावायला हवं. माझ्या मते पहिला पैसा कुत्र्याच्या ऑपरेशन थिएटरवर आणि या बॅगेवर घालावा. घोड्याच्या ऑपरेशनला उचलायची क्रेन आणि गाद्या लावलेली खोली लागते. छोट्या दवाखान्याने त्या फंदात पडू नये. घोडा कुठे पाठवायचा, कुठल्या गाडीने, हे मात्र आधीच ठरलेलं हवं. इंजेक्शननंतर थोड्याच वेळात कळा परतल्या किंवा नळीतून भरपूर पाणी आलं, तर तेव्हाच निघा. दस्तुरीपर्यंत त्याला चालत आणावं लागतं.